उलटा गुरुवार

"मग तुमच्या त्या मित्रालाच सांगा केक करायला," थेकला म्हणाली आणि पिठाचा डबा तिने टेबलावर असा ठेवला की झाकण उडून खाली पडलं.

"अगं, आज केक कसला आहे एवढंच विचारलं मी." पाद्री एबरहार्ड स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच उभे होते. आत पाऊल टाकायचं धाडस त्यांनी केलं नव्हतं.

"सोमवारी विचारलंत? मंगळवारी विचारलंत? माझ्या वाढदिवसाला या घरात काय शिजलं होतं, सांगा बघू."

एबरहार्ड विचारात पडले. हिब्रू क्रियापदं त्यांना झोपेतसुद्धा आठवत. हे आठवेना. "नूडल्स असतील," ते म्हणाले.

"मसूर. आदल्या दिवशीचे."

मोलकरीण रिकेले चुलीकडे तोंड करून उभी राहिली आणि उगाच राख उकरू लागली.

"ऑयगेन एकटा माणूस आहे," एबरहार्ड म्हणाले. "ट्युबिंगेनहून गाडीत बसून येतो बिचारा. घरचं असं काही त्याच्या पोटात जात नाही."

"बिचारा! बायको गेल्यापासून माझ्याच केकवर पोसलाय तो. आणि येऊन करतो काय, तर येशू कधी झालाच नाही म्हणून सांगतो. पाद्र्याच्या घरात बसून, पाद्र्याच्या बशीतून खात."

"तो तसं सांगतो म्हणून तर मला उत्तर तयार करता येतं. जूनमध्ये श्टुटगार्टच्या सभेत मला उभं राहायचंय. चांगला विरोधक मिळायला नशीब लागतं, थेकला."

"दोन वर्षं झाली, येशू होता की नव्हता याचा कीस काढताय. आता एखाद्या गुरुवारी या घरात मी आहे की नाही याचाही तपास करा, दोघं मिळून."

एबरहार्डच्या दाढीत हसू पसरलं.

"वा," ते म्हणाले. "हे ऑयगेनला सांगायलाच हवं."

आणि ते कॉलर बदलायला वर गेले. गुरुवारी ते नेहमीच धुतलेली कॉलर घालत.

थेकला पीठ चाळत बसली. पन्नाशी ओलांडलेली, हाडापेराने मजबूत, नागोल्ड नदीकाठच्या पिठाच्या गिरणीवाल्याची ही मुलगी. तिच्या बापाला विद्वान जावई हवा होता, आणि तो आयता घरीच राहायला आला. नवा, सडपातळ, सारखा शिंकणारा उमेदवार पाद्री. गावात दुसरीकडे जागा नव्हती म्हणून गिरणीच्या माडीवर उतरलेला. संध्याकाळी तो थेकलाशी बोलायचा. ताऱ्यांबद्दल, ग्रीक लोकांबद्दल, आपल्याला श्रद्धा आहे की नुसती सवय याबद्दल. ती पोती शिवता शिवता ऐकायची आणि मध्येच काहीतरी विचारायची. तो थांबून म्हणायचा, "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं." या एका वाक्यावर तिने लग्न केलं. श्रीमंत शेतकऱ्याचं स्थळ नाकारलं, आईचं रडणं सोसलं.

ते वाक्य नेमकं कधी बंद झालं, ते तिला सांगता आलं नसतं. मुलं झाली, गोवर झाले, कपडे शिवले, मुली उजवल्या, मुलगा श्टुटगार्टला कारखान्यात गेला. गावातल्या बाळंतिणींना सूप पोचवायचं, मेलेल्यांच्या घरी जाऊन बसायचं, पाद्रीणबाई म्हणून मान घ्यायचा. एबरहार्ड वाईट वागले असं नाही. ते जेवताना वर्तमानपत्र वाचत. काही विचारलं तर "हं" म्हणत. 'हं'चेही दोन-तीन प्रकार असतात, आणि थेकलाला ते सगळे पाठ होते.

मग दोन वर्षांपूर्वी ऑयगेन आला. कॉलेजात हे दोघे एका खोलीत राहायचे, धर्मशास्त्राच्या त्याच जुन्या वसतिगृहात, जिथून या मुलखातला निम्मा पाद्रीवर्ग बाहेर पडतो. एबरहार्ड पाद्री झाले. ऑयगेनची श्रद्धा वाटेतच कुठेतरी गळून पडली आणि तो शाळेत लॅटिन शिकवू लागला. निवृत्त झाल्यावर त्याने एका नव्या पुस्तकाचं वेड घेतलं. सगळ्या जर्मनीत त्या पुस्तकावरून सभा भरत होत्या, बर्लिनला तर म्हणे लोक खिडक्यांवर चढून ऐकत होते. येशू नावाचा माणूस झालाच नाही, आधी देव रचला आणि मग त्याला गाव, आई आणि सुतारकाम चिकटवलं, असं त्या पुस्तकाचं म्हणणं. ऑयगेन हे सांगायला जुन्या मित्राकडे आला. मित्र खवळला. पुढच्या गुरुवारी पुन्हा ये म्हणाला.

तेव्हापासून गुरुवार उजाडला की एबरहार्ड शीळ घालत. तळघरात उतरून सफरचंदाच्या दारूचा बुधला स्वतः वर आणत. एरवी त्यांना तळघराचा दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो तेही ठाऊक नव्हतं. आणि ते हसत. अभ्यासिकेच्या बंद दारातून ते हसणं बाहेर आलं की थेकलाचा हात कामावर थांबायचा. हे हसणं तिच्या ओळखीचं होतं. गिरणीच्या माडीवरचं होतं ते.

बाई असती तर काय करायचं ते तिला कळलं असतं. मागे ऑर्गन वाजवणाऱ्याच्या विधवेचं प्रकरण निघालं होतं. प्रकरण म्हणजे काय, ती बाई जरा जास्त वेळा प्रवचनाची स्तुती करायची. थेकलाने तिला जेवायला बोलावलं, तीनदा वाढलं, आणि निघताना तिच्या मोज्याला पडलेलं भोक दाखवलं. विषय संपला. पण टक्कल पडलेल्या, घसा बसलेल्या म्हाताऱ्या लॅटिनच्या मास्तराचं काय करायचं? त्याच्या मोज्यांना भोकं होतीच. ती थेकलाच रफू करून द्यायची.

आणि हा माणूस वागायला चांगला होता, हे आणखी एक दुखणं. तिच्या मोठ्या मुलीचं नाव, नातवाचा खोकला, सगळं त्याच्या लक्षात असायचं. "वहिनी, या वेळी जायफळ घातलंत," असं तो म्हणायचा. एबरहार्डना त्यात जायफळ होतं हे तेव्हा कळायचं.

मार्च महिन्यात एकदा कॉफी ओतताना तिने तोंड उघडलं होतं. ऑयगेन म्हणत होता की बायबलात येशूबद्दलचं सगळ्यांत जुनं लिखाण म्हणजे पौलाची पत्रं, आणि पौलाला येशूच्या आयुष्यातलं काही म्हणजे काहीच माहीत नाही.

"पण पौल याकोबाला भेटला ना?" थेकला म्हणाली. "प्रभूचा भाऊ याकोब, असं लिहिलंय की त्याने. जो झालाच नाही त्याला भाऊ कुठून येणार?"

दोघांनीही वर पाहिलं. क्षणभर तिच्या हातातली किटली हलकी झाली.

"मुद्दा चांगला आहे, वहिनी," ऑयगेन म्हणाला. "पण तुमच्या गावातले प्रार्थना-बैठकवाले बघा. तो पिंपवाला ख्रिस्टियान सगळ्यांना भाऊ म्हणतो. म्हणून सगळे एका आईचे झाले का?"

"तसं नाही रे," एबरहार्ड पुढे सरसावले. "पौल बाकीच्यांना प्रभूचे भाऊ म्हणत नाही. येशूच्या पट्टशिष्याला, पेत्राला, म्हणत नाही. तिथे फरक केलाय त्याने." आणि त्यांची जुंपली. केक संपला, दुसरी किटली आली, ऊन भिंतीवरून खाली उतरलं. मुद्दा काढणारी अजून खोलीत उभी आहे, हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

आजचा गुरुवार उलटा होता. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी ते बाजू बदलत. वसतिगृहात त्यांना तशी सवयच लावली होती: जे मत आपल्याला पटत नाही ते असं मांडायचं की विरोधकाने मान डोलवावी. म्हणजे आज ऑयगेन येशूच्या बाजूने बोलणार आणि पाद्री एबरहार्ड, तो झालाच नाही असं सिद्ध करणार.

दुपारी शेजारची बाबेट कोबीची रोपं न्यायला आली. बाबेट बैठकीतली भाविक बाई. काळी ओढणी, मोठे हात, साधा जीव. वाफा अभ्यासिकेच्या खिडकीखाली होता. थेकलाने तिला खुरपं दिलं आणि केक घेऊन आत निघाली. दाराशी ती थबकली, कारण आतून तिचंच वाक्य ऐकू आलं.

"...आणि म्हणते काय, या घरात मी आहे की नाही याचा तपास करा, दोघं मिळून." एबरहार्डच्या आवाजात केवढी मजा होती. "तुझ्या पुस्तकवाल्याला कळव म्हटलं, नवा विषय मिळाला."

ऑयगेन हसला, पण थोडंच. "लेका, तिला आत बोलाव ना. बसू दे आपल्यात. त्या दिवशी याकोबाचं काय नेमकं बोलली."

"थेकला? छे. ती कामात असते. तिला कुठे यात रस."

थेकलाने कोपराने दार ढकललं. केक टेबलावर ठेवला. खोलीत दोन पाइपांचा धूर भरला होता.

"केवढा धूर केलाय," ती म्हणाली, आणि जाऊन खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. खाली वाफ्यात बाबेटची काळी ओढणी दिसत होती. थेकलाला ती दिसली. दिसली नाही असं तिने पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं, पण दिसली होती.

ती बाहेर आली आणि कॉरिडॉरमध्ये बागेकडच्या खिडकीच्या काचेशी उभी राहिली. एबरहार्ड उभे राहून बोलत होते. रविवारी शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज बागेत सहज पोचत होता.

"असा माणूस झालाच नाही. कुणी पाहिला? पौलाला त्याची आई माहीत नाही, गाव माहीत नाही, त्याने सांगितलेली एक दाखल्याची गोष्ट माहीत नाही. रोमन इतिहासकाराने लिहिलं ते ख्रिस्ती लोकांकडूनच ऐकून. ज्यू इतिहासकाराच्या ग्रंथात तर आपल्याच लोकांनी मागाहून ओळी घुसडल्या. सगळी रचना आहे, सुंदर रचना. आणि तिच्या मुळाशी कुणीही नाही."

ऑयगेनने काहीतरी उत्तर दिलं. देव रचायचाच होता तर त्याला योहानापुढे मान वाकवून बाप्तिस्मा घ्यायला कोण लावेल, नासरेथसारख्या फुटकळ गावचा कोण करेल, असं काहीसं. पण ऑयगेनचा घसा बसलेला. तो आवाज खिडकीच्या बाहेर पडला नाही.

बाबेटचं खुरपं मातीत तसंच उभं राहिलं. मग ती उठली, ओढणी सारखी केली आणि रोपं न घेताच फाटकातून निघून गेली.

शनिवारी दारापुढचा रस्ता झाडताना अख्ख्या आळीला माहीत होतं. बाबेटने कुणाला चहाडी म्हणून सांगितलं नव्हतं, तिने रडत रडत प्रार्थनेसाठी सांगितलं होतं. संध्याकाळी ती मागच्या दाराने आली. डोळे सुजलेले.

"पाद्रीणबाई," ती म्हणाली, "तुमच्यावर काय हा प्रसंग. कधीपासून असं चाललंय त्यांचं?"

ही उजळणी आहे बाई, दोघं बाजू बदलून बोलतात, असं एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य थेकलाच्या जिभेवर आलंसुद्धा.

"काय सांगू तुला, बाबेट," ती म्हणाली. "ते लॅटिनचे मास्तर यायला लागल्यापासून घराचं घरपण राहिलं नाही."

हे खोटं नव्हतं. बाबेटने तिचे दोन्ही हात धरले. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिचं पूर्ण ऐकून घेतलं होतं, आणि त्या हातांतून आपले हात काढून घ्यावेत असं थेकलाला वाटेना.

रविवारी बैठकवाले देवळात आले, पण गाताना त्यांनी तोंडं मिटून ठेवली. पुढच्या आठवड्यात वरिष्ठ पाद्री घोडागाडीतून आले. ते जाडजूड, हसरे गृहस्थ. एबरहार्डनी सगळं सांगितल्यावर ते पोट धरून हसले.

"अजून करता तुम्ही ते? आम्हीही करायचो. मी एकदा सैतानाची बाजू अशी मांडली की मला बक्षीस मिळालं." मग त्यांनी थेकलाकडून केकचा दुसरा तुकडा घेतला आणि हसू आवरलं. "पण हे ट्युबिंगेन नाही. इथली माणसं कान देऊन ऐकतात आणि ऐकलेलं जपून ठेवतात. तुम्ही रविवारी व्यासपीठावरून खुलासा करा. श्टुटगार्टला दुसऱ्या कुणाला जाऊ द्या. आणि तुमच्या मित्राला म्हणावं, काही दिवस येऊ नका."

"काही दिवस म्हणजे?"

"म्हणजे येऊ नका."

त्या गुरुवारी ऑयगेन आला तो टोपीसुद्धा न काढता उभा राहिला. "माझ्यामुळे तुझ्या पोटावर पाय नको यायला, लेका," एवढंच तो एबरहार्डना म्हणाला. दोघांनी हात मिळवले आणि कुणीच हात सोडेना. फाटकाशी त्याने थेकलाकडे वळून पोटावरून हात फिरवला. "वहिनी, बाकी कशाला पुरावा असो नसो, तुमच्या केकला आहे."

ती हसली नाही. तिला हसायला येईना, आणि जिंकल्यावर वाटतं तसंही काही वाटेना.

पुढच्या गुरुवारी तिने चेरीचा केक केला, जायफळ घालून. धुतलेली कॉलर काढून ठेवली. एबरहार्डनी कालचीच घातली. थेकला प्रथमच त्यांच्यासमोर, ऑयगेनच्या खुर्चीत, कॉफीचा पेला घेऊन बसली. सकाळी तिने बायबल काढून पौलाचं गलतीकरांस पत्र, याकोबाची भेट त्यातच होती, वाचून ठेवलं होतं.

"मी म्हणते," तिने सुरुवात केली, "पौल याकोबाला भेटला तेव्हा त्याच्याकडे पाहुणा म्हणून उतरला होता की नुसता भेटला?"

"पेत्राकडे उतरला होता," एबरहार्ड म्हणाले.

"मग याकोबाने त्याला भावाबद्दल काहीतरी सांगितलं असेलच ना. जेवताना वगैरे."

"असेल."

"मग पौलाने ते लिहिलं का नाही?"

"हं," एबरहार्ड म्हणाले. आणि त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. तो त्या प्रकारांतला शेवटचा 'हं' होता. त्याच्यापुढे दार बंद.

असे किती गुरुवार गेले. ते आता शुक्रवारीही बोलत नसत. पूर्वी शुक्रवारी निदान ऑयगेनने काय मूर्खपणा केला ते तरी सांगत. उरलेल्या केकसारखं का होईना, तिच्या वाट्याला काही येत असे. जूनमध्ये श्टुटगार्टची सभा झाली. कुणी प्राध्यापक जाऊन बोलून आला. एबरहार्डनी वृत्तांत दोनदा वाचला.

"याकोबाचा मुद्दा काढलाच नाही त्याने," ते समोरच्या भिंतीला म्हणाले. "मी त्यानेच सुरुवात करणार होतो."

"तो मी काढला होता," थेकला म्हणाली.

"काय?"

"याकोबाचा मुद्दा. मार्चमध्ये. कॉफी देताना."

"हो का?" ते म्हणाले, अगदी सौजन्याने, जसं ते गावातल्या एखाद्या आजीबाईला म्हणाले असते.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. ऑयगेनला आठवत होतं. ज्याला तिने घराबाहेर काढलं त्याला आठवत होतं. टेबलाखाली तिने रुमालाला पीळ घातला, सोडला, पुन्हा घातला.

जुलैतल्या एका सकाळी एबरहार्ड बागेतून आत आले. वाफ्यातल्या कोबीने आता गड्डे धरले होते.

"थेकला," ते म्हणाले, "त्या दिवशी खिडकी कुणी उघडली होती?"

ती शेंगा मोडत होती. "मी. धूर झाला होता."

"बाबेट खाली होती."

"रोपं न्यायला आली होती."

"आणि तिने तुला नंतर विचारलं असेल."

"विचारलं."

"काय म्हणालीस?"

शेंगेचा दोरा निघता निघेना. "काही नाही म्हणाले," थेकला म्हणाली.

एबरहार्ड अजून दाराशीच होते. ते रागावतील, ओरडतील, निदान समोरची खुर्ची ओढून बसतील आणि म्हणतील, का गं, असं का केलंस, याची ती वाट पाहत होती. मग तिने सगळं सांगितलं असतं, गिरणीच्या माडीपासून.

"बरं," ते म्हणाले आणि अभ्यासिकेत गेले.

त्या रविवारी प्रवचनानंतर ते नेहमीसारखे जेवायला बसले. मसूर होते, नूडल्स होते. रिकेलेने वाढलं आणि ती टेबलाच्या टोकाशी स्वतःच्या ताटावर बसली. एबरहार्डनी प्रार्थना म्हटली, रुमाल गळ्यात खोचला, चमचा उचलला आणि खाली ठेवला.

"मी निवृत्तीचा अर्ज केला होता," ते म्हणाले. "मंजूर झाला. नवा पाद्री ऑक्टोबरात येईल."

थेकलाच्या मनात आधी गिरणी आली. नागोल्डचा काठ, भावाच्या घराशेजारची रिकामी खोली, दोघंच. "मग कुठे राहायचं?" तिने विचारलं.

"ट्युबिंगेनला. ऑयगेनच्या घराचा खालचा मजला रिकामा झालाय, तो मी घेतला. वर तो, खाली आपण. स्वयंपाक एकत्रच होईल, तो तुझ्याच हातचं जेवेल. रिकेले, तुला यायचं असेल तर तूही चल."